किमिश कुठे खेळणार? एका अष्टपैलू मिडफिल्डरचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं झाकायची पद्धत आहे. इथे ती पाळून उपयोग नाही. जे घडलं ते ऐंशी-ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर घडलं, कोणी ओळखणार नाही असं कितीही लिहिलं तरी दुसऱ्या परिच्छेदात वाचक नाव सांगेल. म्हणून नावं उघड ठेवली आहेत. ड्रेसिंग रूममध्ये कोण कोणाला काय म्हणालं याचे अंदाज मात्र बांधलेले नाहीत. संघ कसा उतरला आणि पुढे काय झालं, एवढ्यावरून जे दिसतं तेच घेतलं आहे.

प्रश्न साधा आहे. जर्मनी आणि बायर्न म्युनिकचा फुटबॉलपटू जोशुआ किमिश हा मधल्या फळीचा खेळाडू. तरी त्याच्या कारकिर्दीतले कितीतरी मोठे सामने तो उजव्या बॅकच्या, म्हणजे बचावफळीत उजव्या कडेच्या, जागी खेळला. हे का झालं, कोणी ठरवलं, आणि ठरवताना काय पाहिलं? माझं उत्तर आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ताडून पाहता येईल: किमिश कुठे खेळणार हे बहुतेक वेळा किमिशकडे बघून ठरलंच नाही. त्या दिवशी दुसरा कोण नाही, हे बघून ठरलं.

पार्श्वभूमी

किमिशचा जन्म ८ फेब्रुवारी १९९५चा, नैर्ऋत्य जर्मनीतल्या रॉटवाइलचा. जवळच्या बोसिंगेन गावच्या क्लबात सुरुवात झाली आणि २००७मध्ये तो व्हीएफबी श्टुटगार्टच्या युवा विभागात गेला. तिथे तो मधल्या फळीत वाढला, बचावफळीच्या पुढ्यात उभा राहून खेळाची सूत्रं हलवणारा. जर्मनीत या जागेला सरळ 'सहा नंबर' म्हणतात, मी पुढे तेच म्हणेन.

२०१३ साली, अठराव्या वर्षी, त्याने घेतलेला निर्णय बघण्यासारखा आहे. श्टुटगार्ट पहिल्या श्रेणीतला जुना, नावाजलेला क्लब. तो सोडून किमिश आरबी लाइपझिगला गेला, आणि लाइपझिग तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होता. वरवर पाहता ही दोन पायऱ्या उतरण्याची गोष्ट. पण तिथे क्रीडा संचालक राल्फ रांगनिक सूत्रं हलवत होते आणि मोठ्या माणसांविरुद्ध दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळायला मिळणार होतं. २०१४मध्ये लाइपझिग दुसऱ्या श्रेणीत चढला. त्याच उन्हाळ्यात हंगेरीत झालेली १९ वर्षांखालच्यांची युरोपीय स्पर्धा जर्मनीने जिंकली, त्या संघात किमिश होता.

श्टुटगार्टने त्याला परत विकत घेण्याचा हक्क राखून ठेवला होता. तो हक्क वापरून त्यांनी त्याला घेतलं आणि लगेच बायर्न म्युनिकला विकलं. जानेवारी २०१५मध्ये जाहीर झालेल्या या व्यवहाराचा आकडा तेव्हाच्या बातम्यांत सुमारे ७० लाख युरो होता. (वर्षभराने श्टुटगार्ट पहिल्या श्रेणीतून खाली घसरलं. या दोन गोष्टींचा थेट संबंध लावता येणार नाही, पण श्टुटगार्टच्या चाहत्यांना तो लागतो.)

बायर्नमध्ये त्या वेळी मधल्या फळीत कोण होतं ते बघा: झाबी अलोन्सो, आर्तुरो विदाल, थियागो, हावी मार्टिनेझ. वीस वर्षांच्या पोराला तिथे जागा कशी मिळणार? मिळाली, पण भलत्याच ठिकाणी.

अडचण नेमकी काय होती

अडचण एका माणसाची नव्हती, दोन रिकाम्या खुर्च्यांची होती.

पहिली खुर्ची राष्ट्रीय संघातली. २०१४चा विश्वचषक जिंकल्यावर कर्णधार फिलिप लाम निवृत्त झाला, तेव्हा तो तिशीतच होता. लाम म्हणजे जगातला बहुधा सर्वोत्तम उजवा बॅक. त्याच्यामागे कोणी तयार नव्हतं. प्रशिक्षक योआखिम लोव यांनी पुढच्या दोन वर्षांत त्या जागेवर कोणाकोणाला उभं केलं त्याची यादी बोलकी आहे: अँटोनिओ रुडिगर आणि बेनेडिक्ट होव्हेडेस मूळचे सेंटर बॅक (मधले बचावपटू), सेबास्टियान रुडी आणि एम्रे चान मूळचे मिडफिल्डर. हाडाचा उजवा बॅक एकही नाही.

दुसरी खुर्ची बायर्नमधली, आणि ती २०१७पर्यंत रिकामी झालेली नव्हती. राष्ट्रीय संघातून गेलेला लाम क्लबसाठी आणखी तीन वर्षं खेळला.

लामचं आणखी एक देणं या प्रकरणाला आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०१३-१४च्या हंगामात बायर्नचे तेव्हाचे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांनी लामला उजवीकडून उचलून मधल्या फळीत आणलं. २०१४च्या विश्वचषकातही तो पहिले चार सामने मध्येच खेळला. अल्जीरियाविरुद्ध श्कोद्रान मुस्ताफी जखमी झाला, उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्ससमोर लोव यांनी लामला पुन्हा उजव्या बॅकवर नेलं, आणि तिथून तीन सामन्यांत जर्मनी जगज्जेती झाली. हा अनुभव कोणता प्रशिक्षक विसरेल? मधल्या फळीतला हुशार माणूस उजवीकडे नेला की गाडी रुळावर येते, हा धडा जर्मन फुटबॉलने तेव्हा गिरवला. पुढची दहा वर्षं तो किमिशवर घासून बघितला गेला.

समोरचे पर्याय

प्रशिक्षकाच्या जागी बसून पाहिलं तर मार्ग चारच होते. त्याला कायमचा उजवा बॅक करायचं. कायमचा सहा नंबर करायचं. सामना बघून हलवत राहायचं. किंवा उजव्या बॅकसाठी दुसरा माणूस घडवायचा नाहीतर विकत घ्यायचा आणि वादच मिटवायचा.

उजवीकडे खेळवण्याच्या बाजूने मुद्दे भक्कम आहेत. किमिशचा क्रॉस हे त्याचं खरं हत्यार आहे. धावत न जाता, जागच्या जागी पाय वळवून तो चेंडू दूरच्या खांबापाशी अलगद टाकतो, आणि मध्ये उभ्या असलेल्या बचावपटूंना तो डोक्यावरून जाताना दिसतो. शिवाय बाजूच्या रेषेलगत उभं राहिलं की प्रतिस्पर्धी फक्त एकाच बाजूने अंगावर येतो. ज्याला मान वळवून सगळं मैदान बघायची सवय आहे, त्याला तिथे फावला वेळ मिळतो.

विरुद्ध बाजूही तेवढीच खरी. तो चपळ आहे, पण वेगवान नाही. उंची पावणेसहा फुटांच्या जवळपास. झपाट्याने धावणारा विंगर त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत घुसला की त्रास होतो. मधोमध तो सामन्याचा वेग ठरवू शकतो. उजवीकडे चेंडू येईपर्यंत थांबावं लागतं.

आणि मध्ये खेळवण्यातही एक मेख होती, जिची चर्चा बरीच नंतर सुरू झाली. किमिशला चेंडू हवा असतो. जिथे चेंडू तिथे तो. त्यामुळे बचावफळीसमोर खुंटा ठोकून उभं राहणं, आपण पुढे न जाता दुसऱ्यांना जाऊ देणं, हे सहा नंबरचं नीरस काम त्याच्या स्वभावात कमी आहे.

तिसरा मार्ग, म्हणजे लागेल तसं हलवत राहणं, प्रशिक्षकाला सोयीचा आणि खेळाडूला जाचक. राहुल द्रविडने २००३च्या विश्वचषकात यष्टिरक्षण केलं ते आठवा. संघाला एक जादा फलंदाज मिळाला, म्हणून ते शहाणपणाचं होतं. पण म्हणून कोणी द्रविडला यष्टिरक्षक म्हटलं नाही, आणि पूर्णवेळ यष्टिरक्षक सापडल्यावर ते काम त्याच्याकडून गेलं. किमिशच्या बाबतीत तो पूर्णवेळचा माणूस सापडायलाच तयार नव्हता.

काय केलं गेलं

पहिलं वळण, २०१६. हिवाळ्यात बायर्नचे सेंटर बॅक एकामागून एक जायबंदी झाले. बोआटेंग, मार्टिनेझ, बाडश्टुबर. ग्वार्डिओला यांनी चॅम्पियन्स लीगमध्ये तूरिनला युव्हेंटससमोर चक्क किमिशला सेंटर बॅक म्हणून उतरवलं. एकवीस वर्षांचा, बुटका, मधल्या फळीचा मुलगा, समोर मारियो मांजुकिचसारखा धिप्पाड आघाडीवीर. सामना २-२ सुटला, परतीचा बायर्नने अतिरिक्त वेळेत जिंकला.

त्या दोन सामन्यांच्या मध्ये, ५ मार्चला, डॉर्टमुंडचा सामना होता. गोलशून्य बरोबरी. पंचांची शिट्टी वाजली तसे ग्वार्डिओला मैदानात शिरले, थेट किमिशकडे गेले, आणि ऐंशी हजार लोकांदेखत हात नाचवत, त्याचं डोकं हातांत धरत त्याला जागेबद्दल काहीतरी समजावत राहिले. पोरगा मान हलवत होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चर्चा झाली की ही शाबासकी होती की झाडाझडती. ग्वार्डिओला यांनी नंतर त्याची तोंड भरून स्तुती केली. माझ्या मते त्या दृश्यात शाबासकी-झाडाझडतीपेक्षा वेगळं काही होतं: या मुलाला कुठेही उभं करून शिकवता येतं, हे त्या दिवशी सगळ्या जर्मनीला दिसलं. एकदा ही ख्याती पसरली की ती पुसता येत नाही.

लोव यांनीही ते पाहिलंच असणार. त्या मे महिन्यात किमिशचं राष्ट्रीय पदार्पण झालं. युरो २०१६ या युरोपीय देशांच्या स्पर्धेत पहिले दोन सामने होव्हेडेस उजवीकडे खेळला आणि संघ पुढे सरकेना. तिसऱ्या सामन्यात, उत्तर आयर्लंडविरुद्ध, किमिश आला. तिथून तो हललाच नाही. उपांत्य सामन्यात फ्रान्सकडून जर्मनी ०-२ हरली. दुसऱ्या गोलआधी स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात चेंडू त्याच्याकडूनच निसटला, आणि पुढे त्याचा एक फटका खांबाला लागून परतला. तरीही स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात उजवा बॅक म्हणून त्याचं नाव आलं. पाच-सहा आठवड्यांत सहा नंबर मागे पडला.

क्लबमध्ये नवे प्रशिक्षक कार्लो अँचेलोटी यांच्या हाताखालचं वर्ष विचित्र गेलं: सुरुवातीला गोलांवर गोल, मग बाकावर. २०१७मध्ये लामने बूट उतरवले आणि बायर्नमधलीही खुर्ची रिकामी झाली. किमिश तिथे बसला, आणि चांगला बसला. २०१८च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत रेआल माद्रिदविरुद्ध दोन्ही सामन्यांत त्याने गोल केले, तेही उजवा बॅक असून.

दुसरं वळण, २०१८. रशियातल्या विश्वचषकात जर्मनी साखळीतच बाद झाली. पहिल्याच सामन्यात मेक्सिकोचे प्रतिहल्ले किमिशच्या मागच्या मोकळ्या जागेतून आले. इर्विंग लोझानोचा गोल त्याच बाजूने झाला. एकट्या किमिशवर खापर फोडणं अन्याय होईल, कारण तो पुढे गेल्यावर मागे कोणी सरकतच नव्हतं. पण लोव यांनी धडा घेतला. ६ सप्टेंबरला म्युनिकमध्ये विश्वविजेत्या फ्रान्ससमोर नेशन्स लीगचा पहिला सामना झाला. उजव्या-डाव्या बॅकच्या जागी गिंटर आणि रुडिगर, म्हणजे बचावफळीत चारही सेंटर बॅक, आणि त्यांच्यासमोर सहा नंबरवर किमिश. सामना ०-० सुटला. दोन वर्षांनी माणूस आपल्या घरी परतला.

क्लबला हे कळायला आणखी वर्ष लागलं. २०१९च्या उन्हाळ्यात बायर्नने श्टुटगार्टकडून बेंजामिन पाव्हारला घेतलं. चौथा मार्ग, दुसरा माणूस आणण्याचा, इथे पहिल्यांदा वापरला गेला, आणि त्याचं फळ बघा. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक निको कोवाच गेले, हान्सी फ्लिक आले. पाव्हार उजवीकडे, किमिश मध्ये. २६ मे २०२०ला रिकाम्या डॉर्टमुंड स्टेडियममध्ये त्याने पेनल्टी क्षेत्राच्या काठावरून गोलरक्षक बुर्कीच्या डोक्यावरून चेंडू असा उचलून टाकला की त्याचा हात लागूनही तो आत गेला. १-० जिंकले, विजेतेपद तिथेच जवळजवळ ठरलं. हा गोल सहा नंबरचा होता. उजवा बॅक त्या वेळी त्या ठिकाणी असण्याचं काही कारण नव्हतं.

तिसरं वळण, लिस्बन. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या फेऱ्या ऑगस्टमध्ये लिस्बनला एकाच जागी खेळवल्या गेल्या. त्याआधी सरावात पाव्हार जखमी झाला. फ्लिक यांच्यापुढे खरा निर्णय आला. पाव्हारच्या जागी बदली उजवा बॅक खेळवून मधली फळी तशीच ठेवायची, की किमिशला उजवीकडे पाठवून थियागो आणि गोरेट्स्का ही जोडी मध्ये लावायची? त्यांनी दुसरं केलं. बार्सिलोनाला ८-२ हरवलं, त्यात एक गोल किमिशचा. २३ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात, आपल्याकडे रात्री पावणेदोनच्या सुमारास, गोलशून्य असताना त्याने उजवीकडून चेंडू दूरच्या खांबाकडे सोडला. किंग्सले कोमान बचावपटूच्या पाठीमागून आला आणि त्याने तो डोक्याने आत ढकलला. पॅरिस सेंट-जर्मेन ०-१.

हा निर्णय मला निर्विवाद बरोबर वाटतो, आणि त्यामागचं कारणही स्पष्ट आहे: किमिश मधून निघाल्यावर मध्ये थियागो होता. जागा सोडणाऱ्यापेक्षा जागा भरणारा कमी प्रतीचा नव्हता. पुढे ज्या ज्या प्रशिक्षकांनी लिस्बनचा दाखला दिला, त्यांनी निम्मंच गणित मांडलं.

चौथं वळण, युरो २०२० (खेळवली गेली २०२१मध्ये). तोवर किमिशने बायर्नमध्ये थियागोची सहा क्रमांकाची जर्सी घेतली होती आणि युरोपातल्या उत्तम मिडफिल्डरांत त्याची गणना होत होती. लोव यांनी तीन सेंटर बॅक लावले आणि त्याला उजव्या विंग-बॅकवर (रेषेलगत पुढे-मागे धावणाऱ्या जागेवर) ढकललं. साखळीत मध्ये क्रूस आणि गुंडोगान. पोर्तुगालविरुद्ध हे कमालीचं चाललं. ४-२, आणि गोसेन्सचा हेडर किमिशच्या क्रॉसवर. मग वेम्ब्लीवर इंग्लंडसमोर, गुंडोगानच्या जागी गोरेट्स्का असताना, ०-२. क्रूस चेंडू फिरवणारा, चेंडू हिसकावणारा नाही, आणि जो हिसकावतो तो रेषेपाशी उभा. इथे उजवी बाजू भरण्यासाठी मधलं उघडं टाकलं गेलं.

कतारबद्दल थोडक्यात लिहितो, पण तपशील चुकवू नये. २०२२चा विश्वचषक, प्रशिक्षक आता फ्लिक. जपानविरुद्ध उजव्या बॅकवर झ्यूले. स्पेनविरुद्ध केरर. कोस्टारिकाविरुद्ध किमिश, आणि मध्यंतरानंतर तो पुन्हा मध्ये. तीन सामने, तीन उजवे बॅक, आणि जर्मनी पुन्हा साखळीत बाद. त्या रात्री कॅमेऱ्यासमोर किमिशने हा आपल्या कारकिर्दीतला सर्वांत वाईट दिवस असल्याचं सांगितलं.

पाचवं वळण, टुकेल आणि नागेल्समान. हे प्रकरण सर्वांत कडू. थॉमस टुकेल प्रशिक्षक म्हणून बायर्नमध्ये आले आणि २०२३च्या उन्हाळ्यात त्यांनी उघडपणे वेगळ्या प्रकारचा, जागा न सोडणारा सहा नंबर मागितला. म्हणजे किमिश त्यातला नाही, हे न बोलता बोललं गेलं. इंग्लंडच्या फुलहॅम क्लबचा मिडफिल्डर झ्वाओ पालिन्या म्युनिकला येऊनही पोचला होता. खरेदीची मुदत संपताना व्यवहार फिसकटला. कल्पना करा, तुमच्या जागेसाठी आणलेला माणूस विमानतळावरून परत जातो आणि उद्या तुम्हाला त्याच साहेबासमोर कामावर हजर व्हायचं असतं.

त्या हंगामात पोरगेला पावलोविच मध्ये चमकला, उजवीकडे दुखापती झाल्या, आणि २०२४च्या वसंतात किमिश पुन्हा उजवा बॅक. पाठीवर ६ आकडा आणि जागा दोनची, म्हणजे उजव्या बॅकची. तक्रारीला जागा होती. पण १७ एप्रिलला आर्सेनलविरुद्धच्या परतीच्या सामन्यात सहकारी गरेरोच्या क्रॉसवर झेपावत येऊन त्याने हेडर मारला आणि त्या एका गोलावर बायर्न उपांत्य फेरीत गेलं. हंगामाअखेर मात्र बायर्नच्या हाती एकही करंडक नव्हता, २०१२नंतर पहिल्यांदाच.

राष्ट्रीय संघात नवे प्रशिक्षक युलियान नागेल्समान यांनी मार्चमध्ये टोनी क्रूसला निवृत्तीतून परत आणलं. मध्ये क्रूस आणि आंड्रिश, उजवीकडे किमिश. लिऑनमध्ये फ्रान्सला २-०, आणि घरच्या युरोमध्ये पाचही सामने किमिश उजवीकडेच. श्टुटगार्टच्या उपांत्यपूर्व सामन्यात ८९व्या मिनिटाला किमिशने डोक्याने चेंडू खाली टाकला आणि विर्ट्झने बरोबरी साधली. अतिरिक्त वेळेत स्पेनने जिंकलं ते जिंकलंच.

मला इथे नागेल्समान यांचं वागणं टुकेल यांच्यापेक्षा सरस वाटतं. हलवलं दोघांनीही. पण नागेल्समान यांनी स्पर्धेच्या तीन महिने आधी ठरवलं, तसंच खेळवलं, आणि मध्ये बदललं नाही. खेळाडूला नको असलेली जागाही झेपते, रोज सकाळी यादी लागेपर्यंत वाट बघणं झेपत नाही.

निष्पत्ती

युरोनंतर क्रूस आणि गुंडोगान दोघांनी राष्ट्रीय संघ सोडला. सप्टेंबर २०२४मध्ये किमिश कर्णधार झाला, उजवा बॅक राहूनच. मार्च २०२५मध्ये मिलानला इटलीविरुद्धच्या २-१ विजयात दोन्ही गोल त्याच्या पासवर झाले. जूनमध्ये पोर्तुगालविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना झाला.

बायर्नमध्ये प्रशिक्षक म्हणून व्हिन्सेंट कोम्पनी आले आणि त्याच उन्हाळ्यात पालिन्याही अखेर आला. सगळ्यांनी धरून चाललं होतं की आता किमिशची मधली जागा गेली. झालं उलट. कोम्पनी यांनी किमिशला मध्ये ठेवलं, पालिन्या बहुतेक बाकावर बसला आणि वर्षभराने उसनवारीवर टॉटनहॅमला गेला. २०२५ला बायर्नने लीग परत जिंकली. याच काळात किमिशचा करार संपत आला होता, क्लबने आपला देकार मागे घेतल्याच्या बातम्या आल्या, आणि मार्चमध्ये २०२९पर्यंतचा नवा करार जाहीर झाला. दहा वर्षांत जागेबद्दल आपलं म्हणणं वजनाने मांडण्याची संधी त्याच्याकडे बहुधा एवढीच आली असावी. नाही खेळवलंत तर फुकट जातो, हे तेव्हाच म्हणता येतं.

म्हणजे आज क्लबात तो सहा आणि देशासाठी बहुतांशी दोन. हे समाधानकारक उत्तर नाही. पण दोन्हीकडे तो फार काळ संघाबाहेर राहिला नाही, हेही खरं. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही अष्टपैलू खेळाडूंच्या मानगुटीवर बसणारी भीती त्याच्या बाबतीत खोटी ठरली.

वेगळं काय करता आलं असतं

खेळाडूच्या बाजूने फार थोडं. २०१६च्या युरोत एकवीस वर्षांचा मुलगा 'मी ही जागा खेळणार नाही' असं म्हणू शकत नाही, आणि म्हणाला असता तर आज हे प्रकरण लिहायला कोणी बसलं नसतं. २०१७मध्ये मात्र, लाम गेल्यावर, क्लबशी जागेबद्दल स्पष्ट बोलणं शक्य होतं. बायर्नने बदली उजवा बॅक आणायला दोन वर्षं लावली. त्या दोन वर्षांत त्याच्यावरचा शिक्का घट्ट झाला.

टुकेल यांचा फुटबॉलचा मुद्दा मला पटतो. किमिश जागा सोडतो, हे खरंच आहे. चूक सांगण्याच्या पद्धतीत होती. बाजारात माल शोधत असल्याचं जाहीर करून माल मिळाला नाही, तर जुनाच माल घरात असतो आणि त्याने सगळं ऐकलेलं असतं. शिवाय इलाज स्वस्त होता: त्याच्या शेजारी मागे थांबणारा जोडीदार. पावलोविच क्लबच्याच युवा संघातून आला आणि कोम्पनी यांनी नेमकी ती जोडी लावली.

सर्वांत मोठी हलगर्जी जर्मन महासंघाची. २०१४ ते २०२५, इतक्या काळात लामचा वारस म्हणून एक उजवा बॅक घडला नाही. घडला नाही कारण निकड कधी वाटलीच नाही. दर वेळी किमिश होता. पोहता येणारा हाताशी असला की पूल बांधायचं राहून जातं.

निकड वाटली ती २०२५च्या सप्टेंबरमध्ये. विश्वचषक पात्रता फेरीत नागेल्समान यांनी किमिशला मध्ये आणलं आणि उजवीकडे नवखा नामदी कॉलिन्स उतरवला. ठिकाण ब्रातिस्लाव्हा, परकं मैदान, पात्रतेचा पहिलाच सामना. कॉलिन्सला मध्यंतरालाच बाहेर काढावं लागलं, जर्मनी स्लोव्हाकियाकडून ०-२ हरली. ऑक्टोबरमध्ये सिन्सहाइमला लक्झेंबर्गसमोर किमिश पुन्हा उजवीकडे, दोन गोल, ४-० विजय, आणि वाद पुन्हा बंद. क्रम उलटा लावायला हवा होता. नवख्या उजव्या बॅकला पहिला सामना द्यायचा तर तो लक्झेंबर्गविरुद्ध, घरच्या मैदानावर, जिथे चुकलं तरी सावरता येतं. आणि ब्रातिस्लाव्हाला किमिश उजवीकडेच ठेवायचा. तसं झालं असतं तर कॉलिन्सच्या नावापुढे पहिल्याच दिवशी पराभव लागला नसता, आणि २०२६च्या विश्वचषकासाठी प्रशिक्षकाच्या खिशात निदान एक नाव जास्त असतं.